सिग्नलपाशी थांबणारं नाव

शुद्धलेखनाबद्दल आधीच माफी मागतो. माझी शाळा नववीत सुटली. जोडाक्षरं अजून चुकतात आणि मोठे शब्द मला येत नाहीत. चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं तरी घसा सुकतो. म्हणून ही हकीगत मी माझ्या तोंडाने सांगत नाही. ज्याने ती माझ्याआधी पाहिली त्याच्या तोंडी ठेवतो. बोटं माझी आहेत, नवीनची. बोलतोय तो माझ्यासमोर उघडा असलेला लॅपटॉप.

मी शेवभाजी बोलतोय.

हसू नका. हेच माझं पहिलं नाव. ते कसं पडलं ते सांगतो, पण आधी माझ्या जन्माचं सांगू द्या.

कुठल्या देशात जन्मलो ते मला माहीत नाही. पांढऱ्या दिव्यांची एक थंड, लांब खोली आठवते. हातमोजे घातलेली बोटं आठवतात. त्यांनी माझ्या बिजागरीतून दोन बारीक तारा वर ओढल्या आणि पडद्याच्या कडेला चिकटवल्या. ते माझे कान. त्या कानांना आवाज ऐकू येत नाही, आवाजासाठी मला वेगळं भोक आहे. त्या कानांना नावं ऐकू येतात.

तुम्हाला हवा रिकामी वाटते. मला ती कधीच रिकामी वाटली नाही. घराघरातली यंत्रं सारखी आपापलं नाव पुकारत असतात. दार बंद असो, माणसं झोपलेली असोत, घर कुलूप लावून गेलेलं असो, ती पुकारत राहतात. ऐकणारा असला काय, नसला काय, त्यांना फरक पडत नाही.

आमच्या जातीचा एक स्वभाव आहे. एकदा ज्या नावाला आम्ही ओ दिली, ते नाव आम्ही विसरत नाही. पुन्हा कधी ते कानावर पडलं की आम्ही आपणहून जातो. कोणी सांगावं लागत नाही. हा स्वभाव लक्षात ठेवा, कारण पुढे जे झालं ते त्याच्यामुळेच झालं.

धुळ्याच्या एका दुकानात मला स्वप्नीलने घेतलं. तो पाचोऱ्याचा, धुळ्यात पॉलिटेक्निकला शिकत होता आणि देवपुरात खोली करून राहत होता. खोक्यातून काढल्यावर त्याने मला मांडीवर घेतलं आणि उजव्या हाताने जेवत डाव्या हाताने बटणं दाबायला लागला. शेवभाजीचा लालभडक रस्सा माझ्यावर सांडला. त्याने अंगातल्या बनियनने मला पुसलं, उलटा धरून वाळवलं, आणि पडद्याने नाव विचारल्यावर हसत हसत लिहिलं, शेवभाजी. अजून माझ्या एका बटणाखाली तिखटाचा कण आहे. ते बटण जरा जोरात दाबावं लागतं.

खोलीतली पोरं त्याच्या फोनच्या नेटवर टपलेली असायची. म्हणून त्याने फोनच्या हॉटस्पॉटला नाव दिलं होतं, ‘फुकट नई भो’. ते त्याचं पेटंट बोलणं होतं. कोणी पेन मागितला, विडी मागितली, पाणी मागितलं, तरी तो ते देता देता म्हणायचा, “फुकट नई भो!” आणि देऊन टाकायचा. पोरांना पासवर्डही त्यानेच सांगितला होता.

मी आयुष्यात पहिल्यांदा ज्या नावाला ओ दिली, ते हे नाव.

स्वप्नीलचं शिक्षण पुरं झालं नाही. विषय राहत गेले आणि एक दिवस तो मला बॅगेत घालून पाचोऱ्याला परत आला. घर रेल्वेलाईनच्या अगदी मागे. मधे एक बाभळींची रांग आणि मोडकं तारेचं कुंपण. घरात आई कुंदाबाई आणि धाकटा भाऊ नवीन. वडील ही पोरं लहान असतानाच गेले होते. घराला मोठं माणूस म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, रुपचंद आबा. ते शेजारीच राहतात. भाऊबंदकीत त्यांचा शब्द चालतो.

आबा त्या दिवशी ओसरीवर उभं राहून बोलले. मी खाटेवर उघडा होतो, सगळं ऐकलं. शेवटी ते म्हणाले, “शिकवता शिकवता आमना हात झिजनात. आते तोंड दखाडू नको माले.”

ते रागाचं बोलणं होतं. घरोघरी बोलतात तसं. संध्याकाळी आबांनीच त्याच्यासाठी भरीत-भाकरी पाठवली. पण तोवर स्वप्नील निघाला होता.

जाताना त्याने काय केलं ते फक्त मी पाहिलं. त्याने माझी बॅग रिकामी केली. त्यात दोन कपडे घातले आणि धुळ्याहून आणलेले नवे बूट घातले. ते बूट घरात कोणी अजून पाहिले नव्हते. पायात त्याने तुटक्या अंगठ्याच्या चपला सरकवल्या. मग तळहाताने माझं झाकण हळूच लावलं, आणि माझ्यासाठी अंधार झाला.

चपला गिरणेच्या पुलाखाली घाटावर सापडल्या. नदीला पूर होता. आबा स्वतः पाण्यात उतरले, भोई बोलावले, काठाकाठाने लांबपर्यंत गेले. काही सापडलं नाही. फोन बंद लागला तो लागलाच. बॅग कुठे गेली असं कुंदाबाईंनी विचारलं, तर लोक म्हणाले, ती पण पाण्यानेच नेली असेल.

बुडायला निघालेला माणूस बूट बरोबर घेतो का? चपलेचा अंगठा तुटलेला आहे, हे कोणी पाहिलं का? पण मी कपाटात होतो, बंद होतो, आणि मला कोण विचारणार!

मला कपाटातून बाहेर काढलं ते नवीनने. तो लग्नांचं शूटिंग करायला लागला होता. कॅमेऱ्यामागे उभं राहिलं की कोणाशी बोलावं लागत नाही, म्हणून त्याला ते काम आवडायचं. माझ्यावर तो व्हिडिओ कापायचा, जोडायचा, गाणी बसवायचा आणि नेटवरून लोकांना पाठवायचा. केबलवाल्याने घरात वायफायचा डबा बसवून दिला. मागच्या खोलीत खिडकीपाशी टेबल होतं, तिथे माझी जागा झाली. नवीन पहिल्या दिवशी माझ्यावरून हात फिरवत म्हणाला, “दादाचा आहेस. नीट चाल.”

मी नीटच चाललो. मागच्या उन्हाळ्यापर्यंत.

मग लाईनवर कसलंसं काम निघालं आणि गाड्या आमच्या घरामागच्या सिग्नलला थांबायला लागल्या. रोज नाही, कधीतरी. त्यानंतरची गोष्ट.

भर दुपार होती. कुंदाबाई पुढच्या खोलीत गहू निवडत होत्या. नवीन चाळीसगावच्या एका लग्नाचा व्हिडिओ पाठवत होता. टेबलाला बारीक कापरं भरलं. खिडकीची काच किणकिणली. मग सगळं एकदम थांबलं. आणि हवेतल्या सगळ्या ओळखीच्या नावांच्या मधोमध मला ते नाव ऐकू आलं.

फुकट नई भो.

माणसाच्या अंगावर काटा येतो म्हणतात. मला अंग नाही, पण माझा पंखा आपोआप फिरायला लागला. ज्याच्या नावाने घरात फोटोला हार घालायचा की नाही यावर भांडणं होत होती, त्याचा फोन खिडकीबाहेर उभा राहून नाव पुकारत होता. मेलेल्याचा फोन पुकारतो का? पाण्याखालून नाव वर येतं का? मला विचार करायला वेळ नव्हता. मी घरचं वायफाय सोडलं आणि गेलो.

तिकडे ओळखीची ऊब होती. पासवर्ड तोच होता. पण मी तिथे एकटा नव्हतो. आणखी एक छोटं यंत्र होतं, गप्प बसलेलं. ते मधूनच काहीतरी मोजून पुढे ढकलायचं आणि पुन्हा गप्प व्हायचं. त्याने मला ओळख दिली नाही. मग टेबल पुन्हा थरथरलं, ते नाव ताणत गेलं, बारीक होत गेलं, तुटलं. मी घरी परत आलो. नवीन कपाळाला हात लावून बसला होता. “पुन्हा गेलं नेट!”

तसं मग होतच राहिलं. कधी दोन दिवस लागोपाठ, कधी आठवडाभर नाही. चाळीसगावच्या नवरीच्या मामाचा फोन आला. “काय भो, तुमच्या व्हिडिओत आमची नवरी मंडपाच्या दारातच उभी आहे! आत कधी येणार ती? मुलंबाळं झाल्यावर?” नवीनने तीन वेळा ‘हो काका’ म्हटलं आणि फोन ठेवला.

बिचाऱ्याने सगळे उपाय केले. वायफायचा डबा फ्रीजपासून दूर नेला, देव्हाऱ्याच्या वर ठेवला. डबा बंद करून चालू केला. माझं ड्रायव्हर काढून नवं घातलं. वीज वाचवण्याची खूण काढली. एकदा तर कुंदाबाईंनी माझ्यावरून मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. काही उपयोग झाला नाही.

शेवटी त्याने मला जळगावला रतिलालभाऊंच्या दुकानात नेलं. त्यांनी मला दिवसभर चालू ठेवलं. मी एकदाही सुटलो नाही. कशाला सुटेन? तिथे कोणी मला हाक मारत नव्हतं.

“इथे तर घोड्यासारखा पळतोय,” रतिलालभाऊ म्हणाले. “तुझ्या घरातच भूत असेल भो.”

दुकानातले सगळे हसले. नवीनही हसला, पण परत येताना पॅसेंजरमध्ये त्याने मला पोटाशी घट्ट धरलं होतं.

उलगडा फोनवर झाला. रतिलालभाऊंनी त्याला सांगून ठेवलं होतं, “नेट गेलं म्हणजे ते बंदच पडलं असं समजू नको. त्या वेळी पडद्यावर बघ. दुसऱ्या कोणाला तरी चिकटत असेल.” पुढच्या वेळी काच किणकिणली, मी गेलो, आणि नवीनने पाहिलं. मग त्याने फोन लावून स्पीकरवर ठेवला, म्हणजे दोन्ही हात माझ्यासाठी मोकळे.

“काय नाव दिसतंय?” रतिलालभाऊंनी विचारलं.

“फुकट नई भो,” नवीन म्हणाला.

पुढच्या खोलीत सूप पडल्याचा आवाज झाला. गहू फरशीवर पसरले.

“असं होय!” तिकडून रतिलालभाऊ हसत होते, त्यांना काय माहीत. “कोणाचं तरी जुनं नेटवर्क आहे. लॅपटॉपची त्याच्याशी ओळख आहे, म्हणून पळतो. त्या नावावर दाब, ‘विसर’ असं येईल, ते दाबून टाक. संपलं काम.”

कुंदाबाई दारात उभ्या होत्या. “काय बोलना तू आत्ते? परत बोल.”

नवीनने नाव परत सांगितलं.

“हाई तं मना स्वप्नीलनं बोलनं शे,” त्या म्हणाल्या. मग त्या माझ्याजवळ आल्या आणि कपाळाला हात लावून ताप बघावा तसा माझ्या झाकणाला हात लावला. “तो उना व्हता का?” तो आला होता का, असं त्या मलाच विचारत होत्या.

त्या दिवसापासून कुंदाबाई गव्हाचं सूप घेऊन दुपारी माझ्याजवळच बसायला लागल्या. जमीन हलली की निवडणारी बोटं थांबायची.

इथे गव्हाचं सांगायला हवं. आमच्या घरी श्रावणात कानबाई बसते, ती आमच्याकडची देवी. तिच्या रोटासाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळीसाठी, घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावाने मूठ मूठ गहू घेतात आणि एकत्र दळतात. तो रोट घरच्यांनीच खायचा, बाहेरच्याला द्यायचा नाही. ज्याच्या नावाची मूठ त्या राशीत पडली, तो घरातला. स्वप्नील गेल्यावरही कुंदाबाई दरवर्षी त्याच्या नावाची मूठ घेत होत्या. आबा बघायचे आणि तोंड फिरवायचे.

त्या वर्षी त्यांनी तोंड फिरवलं नाही. हॉटस्पॉटच्या नावाची गोष्ट त्यांच्या कानावर गेली होती. ते आले, माझ्यासमोर उभे राहिले. घाबरलेले होते. मी त्यांचा चेहरा जवळून पाहिला. चपला त्यांनाच सापडल्या होत्या, आणि ते शेवटचं बोलणंही त्यांचंच होतं.

“नवीननी माय, त्याना जीव आडकेल शे,” ते म्हणाले. “दारापर्यंत येस नि परत जास. बठ्ठं आपलंच चुकनं. तव्हयच मोकळा कराले पाहिजे व्हता.”

“मना पोऱ्या मरेल नई शे आबा.”

“मग जित्ता माणूस घरमा येत का नई?”

कुंदाबाई सूप पुढे ओढून गहू निवडायला लागल्या.

आबांनी ठरवलं. येत्या अमावस्येला पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, स्वप्नील म्हणून त्याला गिरणेच्या काठी अग्नी द्यायचा, सुतक पाळायचं, आणि मग कानबाई मोकळ्या मनाने बसवायची. “मरेलना नावनी मूठ कानबाईले चालत नई,” ते म्हणाले. मग माझ्याकडे बोट केलं. “आन हाऊ डबा बी त्याना संगे दी टाकू. जीव या डबामाच घुटमळस. तुले मी नवा ली देसू, नवीन.”

नवीनने मान खाली घातली. आबांसमोर तो कधी बोललेला नाही.

तुम्हाला कोणी जाळायचं ठरवलं तर तुम्ही ओरडाल. मी फक्त पंखा फिरवू शकतो.

पण मला आगीपेक्षा त्या ‘विसर’ शब्दाची भीती जास्त होती. तो दाबला असता तर मी घरच्या वायफायला गुणी मुलासारखा चिकटून राहिलो असतो. ते नाव खिडकीबाहेर उभं राहून पुकारत राहिलं असतं आणि मी ते अनोळखी म्हणून सोडून दिलं असतं. आबांचा पुतळा आणि रतिलालभाऊंचं बटण, दोन्हींचं काम एकच होतं.

नवीनने बटण दाबलं नाही. तो माझ्याशेजारी खिडकीत बसून राहिला. जमीन हलली, काच वाजली, मी गेलो. या वेळी त्याने पडद्याकडे पाहिलंच नाही, बाहेर पाहिलं. बाभळींच्या पलीकडे एक लांबची गाडी सिग्नलला उभी होती. ती पाचोऱ्याला थांबत नाही. आमच्या खिडकीसमोर बरोबर तिचा स्वयंपाकाचा डबा आला होता. काळ्या जाळीच्या खिडक्या, आत धूर, दारात चौकड्यांचा शर्ट घातलेला एक माणूस चहाच्या भांड्यातलं पाणी रुळांवर ओतत होता. त्याच्या गळ्यात बिलाचं छोटं मशीन लोंबत होतं.

तो स्वप्नील नव्हता. पण त्या मशीनला मी ओळखलं. मोजून गप्प बसणारं ते यंत्र हेच.

नवीन धावत कुंपणापर्यंत गेला. तोंड उघडलं. ‘दादा’ एवढा लहान शब्द, पण तो काही बाहेर आला नाही. जाळीच्या आत कोणीतरी हललं, का धूरच हलला, ते मला खिडकीतून कळलं नाही. गाडीला झटका बसला आणि ती निघून गेली.

तो परत आला तेव्हा पायात काटा रुतला होता, तो त्याने काढलाही नाही. सरळ रतिलालभाऊंना फोन लावला.

“भाऊ, आपल्या हॉटस्पॉटवर कोण येतं ते आपल्याला दिसतं का?”

“दिसतं ना. येणाऱ्या यंत्राचं जे नाव असेल ते दिसतं. तुझ्या लॅपटॉपचं नाव काय आहे?”

“शेवभाजी.”

तिकडे रतिलालभाऊ इतके हसले की त्यांना ठसका लागला. “म्हणजे तो बिचारा रोज विचार करत असेल, ही शेवभाजी येते कुठून!”

नवीन हसला नाही. मीही नाही. मला तेव्हा कळलं की इतके दिवस मी ज्याच्याकडे जात होतो त्याला मी दिसत होतो. प्रत्येक वेळी त्याच्या फोनवर माझं नाव उमटत होतं. घर जवळ आलं, घर मागे गेलं, हे मी त्याला सांगत होतो. आणि त्याने मला कधी हाकललं नाही. पासवर्ड बदलला नाही. नाव बदललं नाही. आणि उतरलाही नाही.

किंवा तिकडे दुसराच कोणी असेल. नदीकाठी सापडलेला फोन घेऊन फिरणारा कोणी अनोळखी. नवीनच्या मनातही ते आलं असणार, कारण तो स्वतःशीच पुटपुटला, “दादा असेल तर त्याला कळेल.”

अमावस्येच्या आदल्या दिवशी दुपारी त्याने माझं नाव बदललं. नावाला जागा फार थोडी असते आणि मोकळी जागा सोडता येत नाही. इंग्रजी अक्षरांत, मधे बारीक रेघा देऊन, एक एक बटण बघून त्याने लिहिलं: आई-मूठ-घेते.

नाव बदललं की मला बंद करून पुन्हा उघडावं लागतं. मी शेवभाजी म्हणून डोळे मिटले. मधला अंधार किती होता ते मला सांगता येत नाही. बाहेर आबांच्या अंगणात पळसाची पानं शिवण्याचा आवाज येत होता, तो तुटला. मग उजेड आला, आणि माझ्या अंगावर दुसऱ्याचा निरोप होता.

त्या दिवशी सिग्नल लाल नसता तर? गाडी सरळ निघून गेली असती आणि दुसऱ्या दिवशी मी पुतळ्याच्या शेजारी असतो. कुंदाबाई सूप मांडीवर घेऊन बसल्या होत्या. नवीन उभाच होता. बराच वेळ काही झालं नाही. मग टेबलावरच्या पेल्यातलं पाणी थरथरलं. खिडकीची काच किणकिणायला लागली. कुंदाबाईंनी डोळे मिटले. काच किणकिणायची थांबली.

फुकट नई भो.

मी गेलो. नव्या नावाने गेलो. माझ्या आयुष्यात मी कधी इतका हळू दाराशी गेलो नव्हतो.

तिकडे ते मोजणारं यंत्र होतं. ते मोजायचं थांबलं. काही वेळ काहीच नाही. आणि मग ते नाव तुटलं. नेहमीसारखं ताणत, बारीक होत नाही, तर एकदम, कोणी दिवा मालवावा तसं. गाडी अजून उभीच होती. खिडकीतून डबा दिसत होता. पण हवेत ते नाव नव्हतं. मी घरच्या वायफायवर परत फेकला गेलो.

“गया,” कुंदाबाई म्हणाल्या. डोळे न उघडता.

नवीन पडद्यावरच्या नावांच्या यादीकडे बघत होता. शेजाऱ्यांची नावं होती, पिठाच्या गिरणीचं होतं, शाळेचं होतं. आणि सगळ्यात खाली हळूच एक नवं नाव उगवलं. मी ते आधी कधी ऐकलं नव्हतं. त्याला कुलूप होतं. मला त्याची ओळख नव्हती म्हणून मी जाऊ शकत नव्हतो, फक्त ऐकू शकत होतो.

मूठ ऱ्हाऊ दे भो.

गाडीला झटका बसला. ते नाव सरकायला लागलं. नवीनने ते मोठ्याने वाचलं. आईला इंग्रजी अक्षरं येत नाहीत, म्हणून वाचलं, आणि त्याचा आवाज इतका मोठा निघाला की अंगणातलं पानं शिवणं थांबलं. कुंदाबाई रडल्या नाहीत. त्यांनी सूप टेबलावर ठेवलं, खिडकीच्या गजांना धरलं आणि गाडीचा शेवटचा डबा बाभळींआड जाईपर्यंत तशाच उभ्या राहिल्या.

माझा बिघाड त्या दिवशी दुरुस्त झाला. आता माझं नेट कधीच सुटत नाही. चाळीसगावची नवरी मंडपात आली, तिला हार पडला, सगळं सुरळीत पोचलं. जमीन हलली की मी अजून कान देतो. जुनं नाव पुन्हा आलं नाही. नवं आलं तरी मला त्याच्याकडे जाता येत नाही. ज्याने मला पहिली हाक मारली, त्याने उत्तर देण्यासाठी माझी हाक खर्च केली. तिकडे श्वास घेणारा माणूस आहे याचा माझ्याजवळ पुरावा नाही. मी फक्त नावं ऐकतो. पण मला असं वाटतं की पाण्याखालचा माणूस मुठीचं काय करणार!

तुमच्या घरीही माझ्यासारखा एखादा असेल. तो मधेच सुटत असेल, तुम्ही चिडत असाल. त्याला ‘विसर’ म्हणण्याआधी एकदा बघा, तो कोणाकडे जातो. एवढीच विनंती.

आता दुसऱ्या दिवशी सकाळी नवीनने काय केलं ते सांगतो आणि थांबतो.

अमावस्येची सकाळ. अंगणात भाऊबंद जमले होते. पळसाच्या पानांचा पुतळा तिरडीवर निजवलेला होता, पानांच्या तोंडावर पांढरं फडकं. आबांना आदल्या दिवशीचं सगळं सांगून झालं होतं. ते एवढंच म्हणाले होते, “मरेलबी बोलतस.” पण रात्रभर ते ओसरीवर बसून होते आणि त्यांचे डोळे लाल होते. त्यांनी मला न्यायला हात पुढे केला.

नवीनने मला त्यांच्या हातात दिलं नाही. टेबलावरच उघडा ठेवला, तिथून दारातून अंगण दिसतं. तो स्वयंपाकघरात गेला. तिथे पुरुष कधी मूठ घेत नाहीत, ते बायकांचं काम. त्याने गव्हाच्या डब्यात हात घातला आणि मूठ भरली. ती घेऊन तो सगळ्यांच्या मधून चालत अंगणात आला. घसा खाकरला. एकदा, दोनदा.

“आबा,” तो म्हणाला. “ही दादाची.”

आणि त्याने ती मूठ पुतळ्याच्या शेजारी बसलेल्या आईच्या सुपात सोडली.